यीस्टविना दालचिनी रोल : आधी भांडं तापवा, मग पीठ भिजवा

  आजच्या भागात आपण बेकरीतल्या एका पदार्थाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव दालचिनी रोल. शहरातल्या बेकरीत काचेच्या कपाटात तो दिसतो. गोल गुंडाळलेला, आत गोडाची तपकिरी रेघ, आणि वास असा की लेकरू तिथून हलत नाही. हल्ली लेकरं मोबाईलवर बघतात आणि घरी कर म्हणून मागं लागतात. गटाच्या बैठकीतही विषय निघतो की आपण हे करून विकावं का. मग लगेच दोन अडचणी पुढं येतात. यीस्ट कुठून आणायचं? आणि ओव्हनला पैसे कोण देणार?

दोन्हींवाचून हा रोल होतो. मात्र त्यामागचं कारण समजून घ्यावं लागतं. नुसतं प्रमाण पाठ करून एकदा जमतं, दुसऱ्यांदा बिघडतं. म्हणून आधी कारण सांगतो, मग कृती आणि शेवटी पैशाचा हिशेब. हिशेबाचा भाग सोडू नका. कर्ज काढायचं की नाही, ते त्यावरच ठरतं.

पीठ फुगतं कशानं?

पाव असो, केक असो की आपला ढोकळा, फुगतो तो आतल्या वायूनं. पिठात वायूचे बारीक बुडबुडे तयार होतात, आचेवर ते मोठे होतात आणि पीठ शिजून घट्ट झालं की त्यांची जागा तशीच राहते. त्यालाच आपण जाळी पडली म्हणतो.

हा वायू तयार करायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट यीस्टची. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जीव. तो पिठातली साखर खातो आणि वायू सोडतो. त्याला ऊब लागते आणि तास-दोन तास वेळ लागतो. थंडीत तो मंदावतो, पाणी फार कढत झालं तर मरतो, पाकीट जुनं असेल तर उठतच नाही.

दुसरी वाट आपल्याला आजी-पणजीपासून माहीत आहे. आंबट आणि सोडा. ताकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते फसफसतं. ती फसफस म्हणजे तोच वायू. दह्यातलं आंबट सोड्याला भेटलं की क्षणात वायू सुटायला लागतो. बेकिंग पावडर म्हणजे हीच जोडी कोरडी करून डब्यात भरलेली. खाण्याचा सोडा, कोरडं आम्ल आणि ओल धरू नये म्हणून थोडी स्टार्चची पूड. ओल लागली की तिचं काम सुरू होतं, आणि आच लागली की आणखी वायू सुटतो.

ही पावडर निघाली त्यामागंही घरातलीच अडचण होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. तिला पाव खाता यावा म्हणून त्यांनी १८४३ साली यीस्टशिवाय पीठ फुगवणारी पावडर तयार केली. आयर्लंडमध्ये गेल्या दीडशेहून जास्त वर्षांपासून गरीब घरच्या बाया ताक आणि सोडा घालून पाव करत आल्या आहेत. त्यांच्याकडं ओव्हन नव्हता. लोखंडी भांडं चुलीवर ठेवायचं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. आपण गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतो, त्यात आणि त्यांच्या भाजण्यात फारसा फरक नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. यीस्ट वाट बघायला लावतं. सोडा मात्र आपली वाट बघत नाही. पिठात दही पडलं की वायू सुटायला लागतो, आणि पीठ तसंच ठेवलं तर तो उडून जातो. मग रोल चपटा आणि दगडासारखा होतो. म्हणून या पदार्थाचा एकच नियम लक्षात ठेवा : आधी भांडं तापवा, सारण तयार ठेवा, मगच पीठ भिजवा. पोळीची कणीक आपण मुरायला ठेवतो, तशी ही ठेवायची नाही.

सामान

आठ रोलांचं प्रमाण सांगतो. विकायचं असेल तर वाटीनं न मोजता काट्यावर मोजा, म्हणजे प्रत्येक घाणा सारखा निघेल.

पिठासाठी : मैदा १५० ग्रॅम, गव्हाचं चाळलेलं पीठ १०० ग्रॅम, पिठीसाखर ३० ग्रॅम, बेकिंग पावडर चहाचे २ सपाट चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, थिजलेलं तूप किंवा लोणी ५० ग्रॅम, आंबट दही १०० ग्रॅम आणि लागेल तसं दूध, साधारण ५० ते ६० मिली.

सारणासाठी : बारीक केलेला गूळ ७५ ग्रॅम, दालचिनीची पूड २ चमचे म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, मऊ तूप २५ ग्रॅम, मैदा १ चमचा आणि चिमूटभर मीठ. आवडत असेल तर भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट किंवा तीळ मूठभर. मैद्याचा तो एक चमचा विसरू नका. गूळ पातळ झाला की मैदा त्याला धरून ठेवतो, नाहीतर गूळ बाहेर येऊन तळाला जळतो.

नुसत्या गव्हाच्या पिठाचेही रोल होतात. जरा जड होतात आणि दूध थोडं जास्त लागतं. ज्वारीचं पीठ घालायचं तर एकूण पिठाच्या चौथाईच्या आतच घाला. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. जास्त घातली तर गुंडाळताना पोळी चिरते.

दालचिनीबद्दल दोन शब्द. बाजारात दोन प्रकारच्या साली मिळतात. एक पातळ, कागदासारख्या पदरांची, हातानं सहज मोडते. ती खरी दालचिनी. श्रीलंकेची दालचिनी अशीच असते आणि आपल्या कोकणातही तिची लागवड होते. दुसरी जाड, कडक, एकाच पदराची आणि खरखरीत. ती कॅशिया. दुकानात स्वस्त मिळते ती बहुतेक हीच. कॅशियात कौमारिन नावाचा घटक जास्त असतो आणि तो रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर यकृताला त्रास होऊ शकतो. आठवड्यातून एखादा रोल खाल्ल्यानं काही होत नाही. पण दालचिनीनं साखर उतरते असं ऐकून कुणी रोज चमचाभर पूड खात असेल, तर तिनं आधी डॉक्टरांना विचारावं. आणि रोलमध्ये दालचिनी आहे म्हणून मधुमेह असलेल्यांना तो चालतो असं समजू नका. त्यात गूळ, साखर, मैदा सगळंच आहे.

सोड्याची चूक करू नका

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही पांढरे असतात, पण ते वेगळे आहेत. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड आणि घसा भाजतो. दोन्ही एका फळीवर ठेवू नका. खाण्याच्या सोड्याच्या डब्यावर चिठ्ठी लावा, आणि गटात एखादीला वाचता येत नसेल तर त्या डब्याला वेगळ्या रंगाचं झाकण लावा.

खाण्याचा सोडाही जास्त झाला की रोल पिवळसर पडतो आणि साबणासारखा लागतो. दह्यातल्या आंबटाला जेवढा सोडा लागतो तेवढाच कामी येतो, उरलेला चवीत उतरतो. जास्त घातला तर जास्त फुगेल, हा समज काढून टाका. ज्यांना रक्तदाबामुळं मीठ कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी सोड्याचे पदार्थ बेतानंच खावेत, कारण मिठात असतं तेच सोडियम यातही असतं.

पावडर जिवंत आहे की नाही ते आधी बघा. गरम पाण्यात चमचाभर बेकिंग पावडर टाका, जोरात फसफसली पाहिजे. खाण्याचा सोडा लिंबाच्या रसात टाकून बघा. नुसती चारदोन बुडबुड्यांची हालचाल झाली तर तो डबा बाजूला ठेवा. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला डबा महिन्याभरात निकामी होऊ शकतो.

कृती

पहिलं काम भांड्याचं. जाड बुडाचं मोठं जुनं पातेलं घ्या. तळाला बोटाच्या एका पेराएवढा जाड मीठाचा किंवा चाळून वाळवलेल्या स्वच्छ वाळूचा थर द्या. त्यावर स्टँड किंवा लोखंडी कडं ठेवा. घट्ट बसणारं झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. तळाचं मीठ पुन्हा भाजायलाच वापरा, स्वयंपाकात घेऊ नका. कुकर वापरायचा तर रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेलीच हवीत आणि आत पाणी घालायचं नाही. रिंग आणि शिट्टी लावून कोरडा कुकर कधीही तापवू नका. झाकणाला फडकं गुंडाळायची काहींना सवय असते. इथं ते करू नका, खालची ज्योत फडक्याला लागू शकते.

दुसरं काम सारणाचं. गूळ, दालचिनी, मैदा, मीठ, तूप एकत्र कालवून ठेवा. ज्या डब्यात रोल भाजायचे त्याला आतून तूप लावून पीठ भुरभुरा. एक वीतभर रुंद, चपटा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा डबा चालतो. पातेल्याच्या कडेला तो टेकता कामा नये.

तिसरं काम पिठाचं. परातीत सगळं कोरडं सामान दोनदा चाळून घ्या. सोडा एका जागी राहिला तर तो घास कडू लागतो. त्यात थिजलेलं तूप बोटांच्या टोकांनी चोळा. शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं, रवाळ होईपर्यंत. मग मधे खळगा करून दही आणि थोडं थोडं दूध घाला आणि पीठ गोळा करा. मळायचं नाही. पोळीच्या कणकेसारखं तिंबलं तर रोल चिवट होतो. गोळा जमला की हात थांबवा. दिसायला खडबडीत असला तरी चालतो.

चौथं काम गुंडाळण्याचं. इथं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आळूवडी आणि बाकरवडी ज्या हातांनी केली, त्याच हातांचं हे काम आहे. ओट्यावर पीठ भुरभुरून दीड वीत लांब, एक वीत रुंद चौकोनी पोळी लाटा, जाडी अर्धा सेंटिमीटर. कडेला बोटभर जागा सोडून सारण पसरा. लांब बाजूकडून गुंडाळा, पण आवळू नका. फुगायला जागा हवी. शेवटची कड दुधाचं बोट लावून चिकटवा. सुरीनं कापताना गुंडाळी दबते, म्हणून स्वच्छ दोरा खालून घालून वर फासासारखा ओढा. आठ तुकडे करा आणि डब्यात थोडं थोडं अंतर ठेवून मांडा.

लगेच तापलेल्या पातेल्यात ठेवा. आच मंद ते मध्यम ठेवून ३० ते ३५ मिनिटं भाजा. पहिली वीस मिनिटं झाकण उघडू नका. मग मधल्या रोलमध्ये स्वच्छ सुरी घालून बघा, तिला ओलं पीठ चिकटलं नाही तर झालं. पातेल्यात वरची बाजू फार लाल होत नाही. चुलीवर करत असाल तर ज्वाळ नको, निखारे ठेवा, आणि थोडे निखारे झाकणावरही ठेवा. वर छान रंग येतो. कुणाकडं ओव्हन असेलच तर १९० अंशांवर वीस ते बावीस मिनिटं पुरतात.

बाहेर काढून दहा मिनिटं थांबा. लगेच काढले तर मोडतात, आणि आतला गूळ तोंड पोळेल इतका तापलेला असतो. लेकरांना लांब ठेवा.

बिघडलं तर का बिघडलं

रोल फुगला नाही तर पावडर जुनी होती, किंवा पीठ भिजवून ठेवलं गेलं. चिवट झाला तर जास्त मळलं. कोरडा आणि भुसभुशीत झाला तर दूध कमी पडलं. खाली जळला आणि आत कच्चा राहिला तर आच मोठी होती, किंवा मिठाचा थर पातळ होता. गूळ सगळा तळाला आला तर कड नीट चिकटली नाही. गटात दोघींनी मिळून करा. एकीनं करायचं, दुसरीनं वेळ आणि आच वहीत लिहायची. तिसऱ्या-चौथ्या घाण्याला आपल्या चुलीचं, आपल्या पातेल्याचं गणित हाती येतं.

आता हिशेब

हा हिशेब उदाहरणादाखल आहे. भाव आपापल्या गावचे घाला. मैदा आणि गव्हाचं पीठ ४० रुपये किलो धरलं तर २५० ग्रॅमचे १० रुपये. साखर दीड रुपया. गूळ ६० रुपये किलोनं साडेचार रुपये. तूप-लोणी ७५ ग्रॅम, ६०० रुपये किलोनं ४५ रुपये. दही ८, दूध साडेतीन, दालचिनी ३, पावडर आणि सोडा ४ रुपये. सामान झालं साडेएकोणऐंशी रुपयांचं. गॅस ६ आणि डबा-कागद १० रुपये. एकूण साडेपंचाण्णव. आठ रोल, म्हणजे एक रोल १२ रुपयांना पडला.

इथंच बऱ्याच बाया थांबतात आणि म्हणतात, वीसला विकला तर आठ रुपये सुटले. आपली मेहनत कुठं गेली? एका घाण्याला भांडी घासण्यासकट एका बाईचा एक तास जातो. तासाचे ५० रुपये धरले तर खर्च झाला १४५ रुपये ५० पैसे. एक रोल १८ रुपये २० पैशांना पडला. वीसला विकला तर नफा एक रुपया ऐंशी पैसे. गावात पंधराच्या वर कुणी देणार नसेल, तर आपण तासभर राबून आपल्याच मजुरीतले पैसे गिऱ्हाइकाला देतो.

याच हिशेबात वाटही सापडते. सामानाच्या खर्चात निम्म्याहून जास्त एकटं तूप आहे. पिठातल्या तुपातला अर्धा भाग तेल घेतलं तर खर्च उतरतो, चव थोडी बदलते. पण मग लेबलवर तेल लिहायचं, नुसतं तूप लिहायचं नाही. एका तापलेल्या पातेल्यात लागोपाठ दोन-तीन घाणे काढले तर गॅसही वाचतो आणि वेळही. दुसरा घाणा मात्र पहिला निघायच्या थोडं आधी भिजवायचा, अगोदर नाही.

आता ओव्हनचं. समजा गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं आणि व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. महिन्याचं व्याज झालं २०० रुपये. एका रोलमागं एक रुपया ऐंशी पैसे सुटत असतील, तर नुसत्या व्याजासाठी महिन्याला एकशेबारा रोल विकावे लागतात. मुद्दल अजून बाकीच आहे, आणि लाईट गेली की ओव्हन बंद. म्हणून आमचं सांगणं असं आहे. आधी पातेल्यावर दोन महिने करा. किती मागणी येते ते वहीत लिहा. पातेलं पुरेनासं झालं, मागणी परत पाठवावी लागली, की मग ओव्हनचा विषय बैठकीत घ्या. मागणी आधी आली तर कर्ज फिटतं. ओव्हन आधी आला तर तो घराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला दिसतो.

विकताना हे रोल त्याच दिवशीचे द्या. सोड्यावरचे रोल यीस्टच्या पावापेक्षा लवकर कडक होतात. म्हणून करून दुकानात ठेवण्यापेक्षा आदल्या दिवशी मागणी घ्या आणि तेवढेच करा. शाळेतला कार्यक्रम, वाढदिवस, आठवडी बाजाराचा दिवस, असं आधी कळणारं गिऱ्हाईक बघा. उन्हाळ्यात वर दूध-साखरेचा लेप लावून विकू नका, तो आंबतो.

आणि विकायचं म्हटलं की नोंदणी आलीच. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे, आणि घरून विकणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. लहान उद्योगाला साधी नोंदणी पुरते, तिची फी थोडी असते, आणि अर्ज ऑनलाईन भरता येतो. मिळालेला चौदा आकडी नंबर पाकिटावर घालायचा. सोबत पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावा, आपला पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण. गहू, दूध, शेंगदाणे, तीळ ही नावं ठळक लिहा. काहींना त्यांची अ‍ॅलर्जी असते, आणि शेंगदाण्याची असेल तर जिवावर बेतू शकतं.

भांडवल लागलं तर सावकाराकडं जाण्याआधी उमेदच्या तालुका कक्षात, माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केलेली आहे. आज कोणती योजना चालू आहे आणि कागद कोणते लागतात, ते तिथंच नक्की कळेल. जाताना दोन महिन्यांची ती मागणीची वही सोबत न्या. आमचा धंदा चालेल असं तोंडानं सांगण्यापेक्षा ती वही दाखवलेली बरी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या दिवशी गटानं मिळून एक घाणा काढून बघा. तूप एकीनं, गूळ एकीनं, दालचिनी एकीनं आणायची. खाऊन झालं की तिथंच बसून आपल्या गावच्या भावानं हिशेब मांडा, आणि तासाची मजुरी त्यात धरा.